पेला, पातेलं आणि सरकार

आपल्या संविधानात ४७ आणि ४८ ही दोन कलमं एकमेकांच्या शेजारी आहेत. ४७ व्या कलमात राज्याने दारूबंदीच्या दिशेने प्रयत्न करावा असं म्हटलं आहे. ४८ व्या कलमात गाय, वासरू आणि इतर दुभत्या व ओढकामाच्या जनावरांच्या कत्तलीला बंदी घालण्यासाठी पावलं उचलावीत असं म्हटलं आहे. दोन्ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, म्हणजे त्यांच्या आधारे थेट कोर्टात जाता येत नाही, पण सरकारला कायदा करायचा असेल तर आधार मिळतो. संविधान सभेत या दोन्हींवर चर्चा झाली तीही एकाच दिवशी, २४ नोव्हेंबर १९४८ रोजी.

आपल्या समाजात मात्र ही दोन कलमं नेहमी वेगवेगळी वाचली जातात. दारू आपल्याकडे हराम, म्हणून ४७ वं कलम आपल्याला आपलंच वाटतं. ४८ व्याचं नाव निघालं की आपण सावध होतो. मला वाटतं, दोन्हींच्या पोटात प्रश्न एकच आहे. शहाणासुरता माणूस आपल्या घरात, कुणाला इजा न करता, काय खातो आणि काय पितो यात सरकारने कुठवर शिरावं?

अमेरिकेत या प्रश्नाला व्यक्तिस्वातंत्र्य आणि मर्यादित सरकार अशी नावं आहेत आणि त्यावर तिथे रोज भांडणं चालतात. टीव्हीवर ती भांडणं पाहताना वाटतं, हा श्रीमंत देशाचा शौक आहे, आपला काय संबंध? पण हाच वाद मुंबईत पाऊणशे वर्षं चालू आहे. त्याची सुरुवात दारूच्या पेल्यापासून झाली आणि तो आपल्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यापर्यंत आला. त्याची ही हकीकत.

त्या दिवशी काय झालं

दारूबंदीच्या तत्त्वाला त्या दिवशी विरोध करणारे थोडेच होते. त्यांत एक आवाज मराठी मुलखातला होता. कोल्हापूरचे सदस्य बी. एच. खर्डेकर, जे पुढे १९५२ साली कोल्हापूरहूनच लोकसभेवर निवडून गेले. त्यांचं म्हणणं असं की संयम वेगळा आणि बंदी वेगळी. संयम माणूस स्वतः शिकतो, बंदी त्याच्यावर लादली जाते, आणि लादण्यात व्यक्तीचं स्वातंत्र्य जातं. दुसरा विरोध आदिवासींचे नेते जयपाल सिंग यांचा होता. तांदळाची दारू ही आमच्या पूजेचा आणि रिवाजाचा भाग आहे, ती तुम्ही आम्हाला न विचारता कशी काढून घेता, असा त्यांचा सवाल होता. डॉ. आंबेडकरांनी उत्तर देताना सांगितलं की हे फक्त तत्त्व आहे, राज्यावर सक्ती नाही.

त्याच दिवशी गोहत्याबंदीचा विषय निघाला. तिथे दोन मुसलमान सदस्य बोलले, संयुक्त प्रांताचे झेड. एच. लारी आणि आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला. दोघांच्या बोलण्याचा रोख थोडक्यात असा होता की तुम्हाला हे धर्मासाठी हवं असेल तर तसं सरळ सांगा, शेतीच्या नावाखाली आडून आणू नका. लारींना तर एवढंच हवं होतं की जे काय ठरायचं ते स्वच्छ शब्दांत ठरावं, म्हणजे मुसलमानांना आपण कुठे उभे आहोत ते कळेल.

ही चर्चा वाचताना एक गोष्ट मनात राहते. खर्डेकरांनी पेल्यासाठी जो मुद्दा मांडला, व्यक्तीचा मुद्दा, तो गाईच्या चर्चेत कुणीच मांडला नाही. तिथे सगळे समाज म्हणून बोलले: बहुसंख्य आणि अल्पसंख्य, शेतकरी आणि खाटीक. एकटा माणूस आणि त्याचं घर यांच्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही. त्याची किंमत पुढे सगळ्यांनीच मोजली.

बलसारांची बाटली

मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा १९४९ साली झाला. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते आणि गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं. १९५० पासून संपूर्ण बंदी आली. एफ. एन. बलसारा नावाच्या मुंबईच्या एका नागरिकाने हायकोर्टात अर्ज केला. त्यांची मागणी मोठी मजेशीर वाटते: व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन आणि चक्क ओ-डी-कोलोन, हे सगळं बाळगण्याचा आणि वापरण्याचा आपला हक्क सरकारने मान्य करावा. अंगाला लावायच्या सुगंधी पाण्यासाठी माणूस कोर्टात का गेला? कारण कायद्याची व्याख्या इतकी पसरट होती की अल्कोहोल असलेली औषधं आणि अत्तरासारखी प्रसाधनंसुद्धा त्यात अडकत होती.

हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती तेव्हा एम. सी. छगला होते. हायकोर्टाने कायद्याची अनेक कलमं रद्द ठरवली. मग सरकार आणि बलसारा दोघंही सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथला निकाल मे १९५१ मध्ये न्यायमूर्ती फाजल अली यांनी लिहिला. औषधं आणि प्रसाधनं सुटली. दारूची नुसती स्तुती करणं हासुद्धा गुन्हा ठरवणारा भाग गेला, कारण तो बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या आड येत होता. पण कायद्याचा गाभा टिकला. घरात बसून स्वतःच्या पैशाने घेतलेली व्हिस्की पिणं गुन्हा राहिला.

पुढे काय झालं ते मुंबईच्या जुन्या माणसांना विचारा. दारू गेली नाही, ती गल्लीबोळात गेली. धारावीत, माहीमच्या खाडीकाठी, उपनगरांच्या तेव्हाच्या ओसाड टोकांना हातभट्ट्या लागल्या. वरदराजन मुदलियारसारख्यांची साम्राज्यं याच धंद्यावर उभी राहिली. पैसेवाल्यांना परवाने मिळाले आणि गरिबांना पोलिसांचा हप्ता. परवान्यावर लिहिलेलं असतं की ही व्यक्ती आरोग्य राखण्यासाठी मद्य घेत आहे. बंदी कधीच सैल झाली, पण कायदा आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने जिवंत आहे आणि कागदोपत्री प्यायला परवाना अजूनही लागतो. म्हणजे या राज्यात लाखो माणसं रोज कायदा मोडतात आणि कुणाला पकडायचं ते पकडणारा ठरवतो. ज्या कायद्याने सगळेच गुन्हेगार होतात, तो कायदा शेवटी सरकारच्या मर्जीचा होतो.

या कायद्याच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. बेहराम पेशीकाका या मुंबईच्या अधिकाऱ्यावर, १९५१ साली कुलाब्यात जीप चालवताना तोंडाला दारूचा वास आला म्हणून खटला झाला. ते म्हणाले, मी औषधी टॉनिक घेतलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं, कारण ते औषध नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची होती. सरकारला हे पचलं नाही. १९५९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. रक्तात अल्कोहोल ठरलेल्या प्रमाणात सापडलं, तर ते औषधातून आलं हे आता आरोपीनेच सिद्ध करायचं. ही उलटी जबाबदारी लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

अमेरिकेने हाच धडा आपल्याआधी गिरवला होता. जानेवारी १९२० मध्ये तिथे संविधान दुरुस्त करून दारूबंदी आणली आणि डिसेंबर १९३३ मध्ये पुन्हा संविधान दुरुस्त करून उठवली. मधल्या काळात सिअ‍ॅटल शहरात रॉय ओल्मस्टेड नावाचा माजी पोलीस अधिकारी दारूचा चोरटा धंदा करायचा. सरकारने त्याच्या घराबाहेरच्या तारांवरून त्याचे फोन ऐकले. १९२८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटलं की सरकार घरात शिरलेलंच नाही, मग झडती कसली? न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी वेगळं मत नोंदवलं. माणसाला एकटं सोडलं जाण्याचा जो हक्क आहे तो सुसंस्कृत माणसाच्या हक्कांत सर्वांत मोठा आहे, असा त्याचा आशय. तो खटला ब्रँडाइस यांच्या मताविरुद्ध गेला, पण १९६७ साली त्याच न्यायालयाने जुना निकाल मोडीत काढला. आज जगभर खासगीपणाचा जो हक्क म्हणून ओळखला जातो, त्याच्या वाटेवरचा एक मोठा टप्पा एका दारूविक्याच्या खटल्यातला आहे. निष्पाप, देखण्या माणसांच्या खटल्यांतूनच हक्क घडतात असं नाही.

फाजल अलींचं दुसरं मत

फाजल अली हे नाव मराठी माणसाला कमिशनमुळे ठाऊक आहे, आणि ते फार प्रेमाने घेतलं जात नाही. राज्य पुनर्रचना आयोगाचे ते अध्यक्ष. १९५५ साली त्या आयोगाने मुंबई द्विभाषिक ठेवावी असं सुचवलं आणि संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं. पण त्याच माणसाचं एक ऋण आपल्यावर आहे, त्याची आठवण क्वचित निघते.

संविधान लागू होऊन चार महिनेही झाले नव्हते. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांना प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली तुरुंगात ठेवलं होतं. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सांगितलं की संसदेने कायदा केला आणि त्याप्रमाणे प्रक्रिया झाली, एवढं पुरे. प्रक्रिया न्याय्य आहे की नाही ते पाहणं आमचं काम नाही. फाजल अलींनी हे मानलं नाही. त्यांच्या मते स्वातंत्र्याची कलमं एकमेकांत गुंफलेली आहेत, सुटी सुटी नाहीत. आणि प्रक्रिया म्हणजे माणसाला कळवणं, त्याचं ऐकून घेणं, निःपक्ष न्यायाधीशासमोर नेणं. तेवढं नसेल तर ती प्रक्रियाच नव्हे.

हे मत वीस वर्षं पडून राहिलं. ते उचललं गेलं एका अगदी वेगळ्या माणसाच्या खटल्यात. १९५९ साली स्वतंत्र पक्ष स्थापन झाला, राजाजी आणि मुंबईचे मिनू मसानी त्याच्या पुढाऱ्यांत. परवाना-परमिटचं राज्य नको, सरकारने आपल्या हद्दीत राहावं, असा त्यांचा धोशा. शेठजींचा पक्ष म्हणून त्यांची टिंगल व्हायची. याच पक्षातले मुंबईचे रुस्तम कूपर हे बँकांचे भागधारक होते. १९६९ साली इंदिरा गांधींनी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, त्याविरुद्ध कूपर कोर्टात गेले. फेब्रुवारी १९७० च्या निकालात न्यायालयाने गोपालन खटल्यातलं सुट्या सुट्या कलमांचं तर्कशास्त्र बाजूला ठेवलं. एका कम्युनिस्टासाठी एका मुसलमान न्यायाधीशाने लिहिलेलं मत एका भांडवलवादी पारशाच्या खटल्यात कामाला आलं. पुढे १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात तेच मत पूर्णपणे कायदा झालं.

मधे आणीबाणी येऊन गेली. जुलै १९७५ मध्ये एकाच वेळी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमाते इस्लामी हिंद दोन्हींवर बंदी आली, आणि दोन्हीकडची माणसं एकाच सरकारच्या तुरुंगांत गेली. स्थानबद्धांना दाद मागता येते असं म्हणणारी जी नऊ उच्च न्यायालयं होती, त्यांत मुंबईचं होतं. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात राहिले. ज्यांना वाटतं की आपल्या बाजूचं सरकार असलं की मर्यादेची गरज नाही, त्यांनी ती १९७५ ची यादी एकदा पाहावी.

फ्रिजपर्यंत आलेला कायदा

महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यापासूनच होती. १९९५ साली युती सरकारने बैल आणि वळू यांनाही ती लागू करणारं विधेयक मंजूर केलं. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळायला २०१५ साल उजाडलं. देवनारच्या आसपास ज्यांची पिढ्यानपिढ्याची रोजी त्यावर होती त्या कुरेशी बिरादरीचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. शेतकऱ्याचंही नुकसान झालं. म्हातारा बैल विकून आलेल्या पैशात भर घालून तो नवा बैल घ्यायचा, ती सोय गेली. सरकारने शेतकऱ्याच्या बाजारातून हात काढावा म्हणून शरद जोशींनी आयुष्यभर चळवळ केली. १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढताना त्यांनी स्वतंत्र पक्षाचाच वारसा सांगितला होता. आपली जनावरं विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क त्याच धाग्यातला आहे.

पण या कायद्यातलं सर्वांत लांबचं पाऊल कत्तलीबद्दल नव्हतं. कलम ५ ड म्हणत होतं की राज्याबाहेर, जिथे ते कायदेशीर आहे तिथे, कापलेल्या जनावराचं मांसही इथे जवळ बाळगणं गुन्हा. आणि कलम ९ ब म्हणत होतं की आपण निर्दोष आहोत हे आरोपीने सिद्ध करायचं. पेशीकाकांची उलटी जबाबदारी आठवते ना? बाटलीसाठी शोधलेली युक्ती पन्नास-साठ वर्षांनी पातेल्यासाठी वापरली गेली. पहिल्या वेळी आपल्यापैकी कुणी हरकत घेतली होती?

मुंबई हायकोर्टात याचिका झाल्या. करणाऱ्यांत मुसलमान होते तसे हिंदूही होते. ६ मे २०१६ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती एस. सी. गुप्ते यांनी निकाल दिला. बैलांच्या कत्तलीवरची बंदी त्यांनी वैध ठरवली. सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा गुजरातबाबतचा निकाल तसाच होता. पण कलम ५ ड आणि ९ ब त्यांनी रद्द केली. माणसाने आपल्या घरात काय खावं हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, तिथे सरकारला असं शिरता येणार नाही, असं त्यांनी म्हटलं. त्या वेळी केंद्र सरकार आधारच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगत होतं की खासगीपणा हा मूलभूत हक्क नाहीच. वर्षभरानंतर, २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो हक्क मान्य केला. त्या निकालात न्यायमूर्ती नरिमन यांनी तीन थोर विरोधी मतांची नावं घेतली, त्यांतलं पहिलं फाजल अलींचं. न्यायमूर्ती चेलमेश्वर यांनी तर थेट खाण्याचा आणि पेहरावाचा विषय काढून म्हटलं की या गोष्टी सरकारने सांगाव्यात असं कुणालाच आवडणार नाही.

मुंबईच्या निकालाविरुद्धची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत. पण २०१५ च्या सप्टेंबरात दादरीजवळच्या गावात घरातल्या मांसाच्या संशयावरून जमावाने काय केलं ते ज्यांनी वाचलंय, त्यांना फ्रिजचं दार कायद्याने बंद असण्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. सरकार ज्या दारातून आत येतं, त्याच दारातून मागोमाग जमावही येतो.

हजरत उमर भिंतीवरून आले तेव्हा

इथे माझे काही वाचक विचारतील, मग काय, दारूची वकिली करायची? नाही. हराम ते हराम. प्रश्न हराम काय आहे हा नाही, ते शोधायला कुणी कुणाच्या घरात शिरावं हा आहे. त्याचं उत्तर आपल्या परंपरेत आहे.

इमाम गझालींनी आपल्या 'इह्या' मध्ये हजरत उमर यांचा एक किस्सा दिला आहे. मदिन्यात रात्री गस्त घालताना त्यांना एका घरातून आवाज आले. ते भिंतीवरून आत उतरले, तर घरधनी दारू घेऊन बसलेला. उमर रागावले. तो माणूस म्हणाला, अमीरुल मोमिनीन, मी एक गुनाह केला असेल, तुम्ही तीन केले. अल्लाहने पाळत ठेवायला मना केलं आहे, तुम्ही ठेवलीत. घरात दारातून यावं असं सांगितलं आहे, तुम्ही भिंतीवरून आलात. परवानगी आणि सलामशिवाय शिरू नये असं सांगितलं आहे, तुम्ही शिरलात. खलीफा गप्प झाले आणि त्याला सोडून परतले. त्या माणसाचे तिन्ही मुद्दे कुरआनातले आहेत, हुजुरात, बकरा आणि नूर या सूरतींतले. ज्याच्या नावाने मोठमोठे बादशहा कापायचे, त्या खलीफाला एका दारुड्याने उसूल सांगितला आणि खलीफाने तो ऐकला.

दुसरं उदाहरण फिकहचं. हनफी मजहबात मुसलमानाने गैरमुस्लिम प्रजेची दारू फोडली तर त्याला भरपाई द्यावी लागते, कारण ती त्याच्यासाठी माल आहे. मुंबईतले आपले कोकणी भाऊ शाफई, त्यांच्याकडे भरपाईचं मत वेगळं आहे. पण शेजाऱ्याच्या घरात तो गुपचूप काय पितो यावरून त्याला त्रास द्यायचा नाही, हे दोघांनाही मान्य आहे. आपल्या मनाई आपल्यासाठी असतात. त्या पोलिसाच्या हातून दुसऱ्यावर लादायला आपण निघालो, की दुसऱ्याच्या मनाई आपल्यावर लादल्या जाताना बोलायला तोंड राहत नाही. पुस्तकांचंही तेच झालं. १९८८ साली एका कादंबरीवर बंदी हवी म्हणून आपण आग्रह धरला आणि ती आली. २००४ साली शिवाजी महाराजांवरच्या जेम्स लेन यांच्या पुस्तकावर दुसऱ्यांनी तोच आग्रह धरला. ते पुस्तक शेवटी कोर्टाने सोडवलं, ती गोष्ट वेगळी.

मर्यादित म्हणजे गैरहजर नव्हे

अमेरिकेतल्या वादात मला एक गडबड दिसते. कर कमी करा, सरकार लहान करा म्हणणारे अनेक जण २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा संरक्षित हक्क काढून घेतला तेव्हा खूश झाले, म्हणजे बाईच्या शरीराच्या बाबतीत त्यांना सरकार मोठं चालतं. आणि शरीराच्या बाबतीत सरकार नको म्हणणारे अनेक जण दुसऱ्याच्या धंद्यात, बोलण्यात, बंदुकीत सरकार हवं म्हणतात. प्रत्येकाला दुसऱ्याच्या घरात सरकार हवं असतं.

आपला प्रश्न लहान-मोठ्याचा नाहीच. मी उर्दू आणि मराठी शिकवते. मुंबई महापालिकेच्या उर्दू शाळा नसत्या तर कुर्ल्या-गोवंडीतल्या किती मुली शिकल्या असत्या? जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली, बहुतेक मजूर. तिथे सरकारने मिथेनॉल कुठून कुठे जातं ते पाहायला हवं होतं, तिथे ते हजर नव्हतं. आपल्याला लागतं ते सरकार शाळेत, दवाखान्यात, नळाच्या पाण्यात, विषाच्या टाकीजवळ. ते तिथे कमी पडतं आणि पातेल्याजवळ जास्त होतं.

बाई म्हणून मला आणखी एक गोष्ट म्हणायची आहे. घराचा उंबरठा पवित्र असं नुसतं म्हटलं की त्याच्या आड मारहाणही लपते. म्हणून हद्द भिंतीने ठरत नाही, इजेने ठरते. आतून बाई हाक मारते तेव्हा पोलिसाने यायलाच हवं. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा त्यासाठीच आहे, आणि जे पुरुष या लेखातला खासगीपणा बायकोवर हात उगारण्यासाठी वापरू पाहतील त्यांच्यासाठी तो नाही. पण आतून कुणी हाक मारली नाही, कुणाला इजा नाही, फक्त एक माणूस आपल्या ताटात काहीतरी वाढून घेतोय, तेव्हा पोलिसाचं काम दाराबाहेरच संपतं.

हे आपण आपल्या ताटाबद्दल म्हणतो तेव्हा लोक ऐकून घेतात आणि विसरतात. अल्पसंख्य स्वतःसाठी बोलणारच, असं त्यांना वाटतं. १९४८ साली लारी आणि सादुल्ला यांचं तेच झालं. त्यांच्या अडचणीला नाव नव्हतं, कारण खर्डेकरांनी मांडलेला व्यक्तीचा मुद्दा त्यांनी आपला मानला नाही, आणि खर्डेकरांचा पेला वाचवायला आपल्यापैकी कुणी गेलं नाही. ओ-डी-कोलोनसाठी भांडणारे बलसारा, तुरुंगातले गोपालन, बँकेचे शेअर धरून बसलेले कूपर, यांतला एकही माणूस आपल्यासाठी कोर्टात गेला नव्हता. तरी २०१६ साली आपल्या स्वयंपाकघराचं दार लागलं ते त्यांच्याच खटल्यांतून घडत आलेल्या कायद्याच्या कडीने. उद्या शेजारच्या इमारतीत न आवडणाऱ्या कुणाच्या दारावर थाप पडेल, ती आपल्या मनासारखीही असेल, तेव्हा त्याच्या बाजूने उभं राहण्याची पाळी आपली आहे.